देर एल्-मेदीना : प्राचीन ईजिप्तमधील कारागिरांचे गाव

प्राचीन ईजिप्तमधील राजथडगी खोदणाऱ्या व सजविणाऱ्या कारागिरांची वसाहत. ती नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आधुनिक लक्सॉर शहरासमोरील डोंगरांच्या एका लहानशा निर्जल खोऱ्यात वसलेली होती. थीब्झ नगराचे दफनक्षेत्र याच डोंगरांत असून वसाहतीपासून राजांच्या दरीकडे डोंगरावरून पायवाट जात असे. वसाहतीतील लोक आपल्या गावाला नुसते ‘गाव’ म्हणत. तिचे अधिकृत नाव ‘सत्याचे स्थान’ या अर्थाचे होते. ‘देर एल्-मेदीना’ (गावाचा मठ) हे अरबी नाव पुष्कळ नंतरचे असून, तेथील एका जुन्या मंदिरात ख्रिस्ती भिक्षूंनी स्थापन केलेल्या मठावरून ते पडले. इ. स. पू. सु. १५०० पासून इ. स. पू. सु. १०८० पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार शतके, येथे पिढ्यानुपिढ्या एकाच व्यवसायातील कुटुंबे राहत होती.

प्राचीन ईजिप्तच्या सामान्य माणसांविषयी विश्वसनीय माहिती मिळणे कठीण असते. राजे आणि पुरोहित यांची मंदिरे व थडगी दगडी होती, म्हणून ती टिकली. शेतकऱ्यांची घरे मात्र कच्च्या विटांची असून ती पुराच्या पट्ट्यालगतच्या उंचवट्यांवर उभी होती. त्याच जागी नवी गावे वसत गेल्यामुळे आणि जुन्या घरांची माती खत म्हणून शेतांत गेल्यामुळे त्यांचे अवशेष फारसे उरले नाहीत. थडग्यांतील चित्रांत नांगरणी, कापणी, मासेमारी, मेजवान्या इत्यादींची दृश्ये विपुल आहेत. पण ती मृताला परलोकात मिळावयाच्या सुखाची चित्रे होत. त्यांत कोणी आजारी नसतो, कोणी कर्जबाजारी नसतो आणि धान्याची कोठारे नेहमी भरलेली असतात. देर एल्-मेदीना हे गाव पाण्यापासून दूर, वाळवंटाच्या कडेला असल्यामुळे तेथील घरांच्या दगडी जोत्यांबरोबर रहिवाशांनी टाकून दिलेला कचराही टिकला. त्या कचऱ्यातच ईजिप्तच्या सामाजिक इतिहासाचे सर्वांत बोलके साधन सापडले.

हे साधन म्हणजे खापरलेख. फुटक्या मडक्यांचे तुकडे आणि थडगी खोदताना निघालेल्या चुनखडकाच्या ढलप्या ही या गावाची फुकटची पाटी होती. पपायरस महाग असल्याने हिशेब, पावत्या, तक्रारी, निरोप, शाळकरी मुलांचे कित्ते, धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या याद्या, प्रेमगीते आणि रेखाटने या ढलप्यांवर काळ्या व तांबड्या शाईने उतरविली जात. इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्क्यापारेल्ली याने १९०५ ते १९०९ या काळात येथे उत्खनन केले. १९०६ मध्ये त्याला खा या बांधकाम-प्रमुखाचे व त्याची पत्नी मेरित हिचे अनाघ्रात थडगे मिळाले. त्यातील पलंग, तागाची वस्त्रे, केसांचा टोप, प्रसाधनपेटी, भाकऱ्या व भाज्या आज तूरिनच्या संग्रहालयात आहेत. पुढे बेर्नार ब्र्युयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या कालखंडात संपूर्ण गाव उघडे केले. गावाच्या उत्तरेस सु. ५० मी. खोल असा एक प्रचंड खड्डा आहे. पाण्यासाठी खोदलेली ही विहीर असावी. पाणी लागले नाही आणि खड्ड्याचा उकिरडा झाला. त्यातून सु. ५,००० खापरलेख बाहेर आले. चेक विद्वान यारोस्लाव चेर्नी याने या लेखांच्या वाचनासाठी आपले जवळजवळ सर्व आयुष्य वेचले. या गावाविषयी आज जे काही निश्चितपणे सांगता येते, त्याचा फार मोठा भाग त्याच्या वाचनावर उभा आहे.

गावाभोवती भिंत होती. तिच्या सर्वांत जुन्या भागातील विटांवर पहिल्या थटमोझच्या नावाचे शिक्के आढळतात. तथापि ग्रामस्थ आपल्या वस्तीचे श्रेय त्याच्या आधीचा राजा पहिला आमेनहोतेप आणि त्याची माता आहमोस-नेफरतारी यांना देत व त्यांना ग्रामदैवतांप्रमाणे भजत. भरभराटीच्या काळात भिंतीच्या आत सु. ६८ घरे होती आणि बाहेरही काही होती. मधून एक अरुंद गल्ली जाई आणि तिच्या दोन्ही बाजूंस एकमेकांना चिकटून घरे असत. घर लांबट व चिंचोळे. रस्त्यालगतच्या पहिल्या खोलीत विटांचा, पायऱ्या असलेला, पलंगासारखा चौथरा असे. त्यावर प्रसूती व बालके यांचा रक्षक असलेल्या बेस या ठेंगण्या देवाची चित्रे आढळतात. हा चौथरा बाळंतिणीसाठी होता, की घरातील देव्हाऱ्यासाठी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दुसरी खोली उंच छताची व लाकडी खांबाची असे. तेथे बैठकीचा ओटा असे आणि त्याखाली पुष्कळदा तळघराची वाट. मागे एकदोन लहान खोल्या आणि सर्वांत शेवटी चटयांनी अर्धवट झाकलेले स्वयंपाकघर. तेथे भाकरीची भट्टी, दळणाचा दगड आणि गच्चीवर जाणारा जिना असे. उन्हाळ्यातील रात्री गच्चीवरच जात असाव्यात. दारांच्या चौकटींवर घरमालकांची नावे कोरलेली असल्याने अनेक घरांत कोण राहत होते, हे आजही सांगता येते.

या गावात विहीर नव्हती, शेत नव्हते आणि बाजाराचा पारही नव्हता. पिण्याच्या पाण्याचा प्रत्येक घडा गाढवाच्या पाठीवरून खालच्या सपाटीवरून येई. यासाठी शासनाने पाणके नेमले होते. त्यांच्याबरोबर कोळी, माळी, लाकूडफाटा आणणारे, कुंभार आणि परीट असा मोठा सेवकवर्ग गावाबाहेर राहून गावाच्या गरजा भागवी. पाणक्यांजवळ स्वतःची गाढवे क्वचितच असत; ती ते कारागिरांकडून भाड्याने घेत. भाडे थकले, गाढव मेले किंवा आजारी जनावर माथी मारले, अशा तक्रारींनी खापरलेख भरलेले आहेत. धान्य, मासे, भाज्या, तेल, वस्त्रे सर्वच राजकोठारातून वा मंदिरांच्या कोठारांतून येत. कारागीर हे राजाचे सेवक होते. त्यांना गुलाम समजणे चुकीचे ठरेल. परंतु त्यांच्या चुली सर्वस्वी शासनाच्या कोठारावर अवलंबून होत्या, ही गोष्ट त्यांच्या जीवनातील भाग्याचीही होती आणि धोक्याचीही.

कारागिरांच्या पथकाला जहाजावरील खलाशांप्रमाणे ‘उजवी बाजू’ व ‘डावी बाजू’ असे दोन विभाग असत. प्रत्येक बाजूला एक मुकादम असे. त्यांच्या जोडीला थडग्याचा लेखनिक असून तो हजेरी, हत्यारे व शिधा यांचा हिशेब ठेवी आणि थेट वजिराला कळवी. पथकात सामान्यतः ४० ते ६० माणसे असत. चौथ्या रॅमसीझच्या कारकीर्दीत ही संख्या १२० पर्यंत वाढविण्यात आली. पाथरवट खडक फोडीत पुढे जात, त्यांच्या मागून गिलावा करणारे, मग रेखाटनकार, त्यानंतर कोरीव काम करणारे आणि शेवटी रंगारी. तांब्याच्या छिन्न्या शासनाच्या मालकीच्या असून त्या तोलून दिल्या व तोलून परत घेतल्या जात, कारण तांबे हेच देवघेवीचे माप होते. थडग्यात सूर्यप्रकाश पोचत नसल्यामुळे तेलात वा चरबीत भिजविलेल्या वाती जाळीत. रोज किती वाती खर्च झाल्या, याच्याही नोंदी आहेत. आठवडा दहा दिवसांचा असे. त्यांपैकी आठ दिवस माणसे कामावर असत आणि त्या रात्री डोंगरखिंडीतील दगडी झोपड्यांत काढीत. सुटीच्या दोन दिवसांत ती घरी येत. याशिवाय सणांच्या सुट्या पुष्कळ. पहिल्या आमेनहोतेपच्या एका उत्सवात पथकाने बायकामुलांसह सलग चार दिवस खानपानात घालविल्याची नोंद आहे.

ब्रिटिश म्यूझीयममध्ये असलेला एक मोठा खापरलेख दुसऱ्या रॅमसीझच्या चाळिसाव्या वर्षाचा (इ. स. पू. सु. १२४०) आहे. तो एक हजेरीपट असून त्यात ४० कारागिरांची नावे, ते गैरहजर राहिल्याचे दिवस आणि तांबड्या शाईत कारणे दिली आहेत. कोणी आजारी होता, कोणाला विंचू चावला होता, कोणाचे डोळे आले होते. कोणी आईच्या प्रेतावर संस्कार करण्यात गुंतला होता. कोणी सणासाठी घरी मद्य गाळीत होता, तर कोणाला मुकादमाने आपल्या खाजगी कामास लावले होते. घरातील स्त्री रजस्वला असल्याचे कारणही अनेकदा आढळते. या कारणांपैकी बहुतेक ग्राह्य धरली जात असावीत, कारण त्यांपुढे शिक्षेचा उल्लेख नाही. गावात एक वैद्य व एक विंचू उतरविणारा होता. हे दोघेही पथकातील कारागीरच असून या कामासाठी त्यांना जादा धान्य मिळे. अलीकडे ग्रामस्थांच्या अस्थींचा अभ्यास झाला आहे. त्यात पुरुषांच्या गुडघ्यांचे व घोट्यांचे सांधे झिजल्याची लक्षणे विशेष आढळतात. डोंगरावरील रोजची चढउतार हे त्याचे कारण मानले जाते.

नाणी प्रचारात नसल्याने वेतन धान्यरूपाने मिळे. दरमहा सामान्य कारागिराला चार खार एमर गहू आणि दीड खार सातू, तर मुकादमाला साडेपाच खार गहू आणि दोन खार सातू असा दर होता. एक खार म्हणजे सु. ७७ लिटर. एमर हा महाराष्ट्रात खपली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गव्हाचाच प्रकार होय. गव्हाची भाकरी व सातूचे मद्य हा ईजिप्शियनांच्या आहाराचा कणा होता. मद्य दाटसर, पौष्टिक व सौम्य असून ते मुलेही पीत. भाकरीबरोबर कांदे, पालेभाज्या, डाळी व खारविलेले मासे असत. गोमांस सणासुदीलाच मिळे. दळण हे घरातील स्त्रियांचे काम असे, तरी शासन कुटुंबांना ठराविक दिवसांपुरत्या दासीही देई. दासीच्या या दिवसांची खरेदी-विक्री होत असल्याचे काही लेखांवरून दिसते. मिळालेले धान्य एका कुटुंबाच्या पोटाला पुरून काही उरत असे. त्यातून आणि फावल्या वेळच्या कामातून कारागीर आपला संसार वाढवीत. ते शेजाऱ्यांसाठी व बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी शवपेट्या, पलंग, मूर्ती व ताईत करीत. वस्तूंची किंमत तांब्याच्या देबेन (सु. ९१ ग्रॅम) या वजनात ठरे, प्रत्यक्षात मात्र तेवढ्या मोलाच्या इतर वस्तू दिल्या जात. चपलांच्या जोडाला एकदोन देबेन पडत आणि गाढवाला सामान्यतः २५ ते ४० देबेन. रंगविलेली लाकडी शवपेटीही जवळपास गाढवाच्याच किमतीत येई.

उधारीही चाले आणि बुडेही. मेन्ना नावाच्या कारागिराने मेंतमोस या पोलीस-प्रमुखाला चरबीचे एक भांडे उधार दिले. सातूच्या रूपाने किंमत चुकती करण्याचे आश्वासन मिळाले. पण ती वर्षानुवर्षे मिळाली नाही. मेन्नाने ग्रामन्यायसभेपुढे पुन:पुन्हा दाद मागितली. ही न्यायसभा मुकादम, लेखनिक व प्रतिष्ठित ग्रामस्थ यांची असे. बड्या अधिकाऱ्याकडून वसुली करण्याइतके बळ तिच्यात क्वचितच असे. साक्षीपुराव्याने न सुटणारे प्रश्न आमेनहोतेपच्या मूर्तीपुढे ठेवीत. मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्यांची पावले पुढे किंवा मागे पडत, त्यांवरून देवाचा कौल ठरे.

न्यायसभेपुढे स्त्रिया स्वतः वादी, प्रतिवादी व साक्षीदार म्हणून उभ्या राहत. त्यांना स्वतःची मालमत्ता बाळगता येई, घटस्फोट घेता येई आणि आपला वाटा हवा त्याला देता येई. नाउनख्त या वृद्ध स्त्रीचे पाचव्या रॅमसीझच्या तिसऱ्या वर्षातील (इ. स. पू. सु. ११४५) मृत्युपत्र या दृष्टीने लक्षणीय आहे. तिचा पहिला पती केनहेरखेपशेफ हा गावचा नामांकित लेखनिक होता. खामनून या कारागिराशी झालेल्या दुसऱ्या विवाहापासून तिला आठ अपत्ये झाली. त्यांना वाढवून, त्यांचे संसार मांडून दिल्यावर काहींनी म्हातारपणी आपल्याकडे पाहिले नाही, असे तिने साक्षीदारांसमक्ष सांगितले. अशा अपत्यांना तिने आपल्या स्वतःच्या वाट्यातून वगळले. पित्याच्या मालमत्तेवरील त्यांचा हक्क मात्र कायम राहिला. सेवा करणाऱ्या एका मुलाला धातूचे एक भांडे जास्त मिळाले. साडेतीन हजार वर्षांच्या लिखित इतिहासात राजांच्या विजयांचे शिलालेख असंख्य असताना, एका सामान्य आईचा रोष इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच आढळतो.

या गावातील साक्षरतेचे प्रमाण देशातील इतर खेड्यांपेक्षा पुष्कळच जास्त होते. रेखाटनकारांना व मुकादमांना चित्रलिपी येणे व्यवसायासाठी आवश्यकच होते. त्यामुळे मुलांना लहानपणापासून जुन्या अभिजात ग्रंथांतील उतारे गिरवायला लावीत. सिनुहेची कथा आणि लेखनिकाच्या व्यवसायाची थोरवी गाणारा उपदेशग्रंथ यांच्या प्रती येथे सापडल्या आहेत. म्हणूनच देर एल्-मेदीनावरून साऱ्या ईजिप्तविषयी अनुमान काढताना सावधगिरी बाळगावी लागते. डेल्टातील कूळ किंवा मंदिराच्या जमिनीवर राबणारा शेतमजूर या कारागिरांइतका सुस्थितीत नव्हता आणि स्वतःविषयी लिहूनही ठेवीत नव्हता.

ग्रामस्थांची श्रद्धा घरगुती स्वरूपाची होती. घरात पूर्वजांचे लहान अर्धपुतळे पूजिले जात. गावावर उभे असलेले शिखर ही मेरेतसेगेर नावाची नागदेवता मानली जाई. पाप केल्यास ती दंश करते आणि शरण गेल्यास क्षमा करते, असा समज होता. नेफेराबू या कारागिराने प्ताह देवाची खोटी शपथ घेतल्यामुळे आपल्याला दिवसा अंधार दिसू लागला, अशी कबुली एका स्मृतिशिलेवर कोरून ठेवली आहे. डोळे अधू होणे ही मिणमिणत्या वातींच्या धुरात काम करणाऱ्यांची नेहमीची व्यथा असावी. स्वतःसाठी हे कारागीर गावालगतच्या उतारावर विटांचा लहानसा पिरॅमिड असलेली थडगी बांधीत. १८८६ मध्ये सापडलेल्या सेनेजेम या कारागिराच्या थडग्यातील चित्रे आजही ताजी वाटतात. त्यांत तो शुभ्र वस्त्रे नेसून परलोकीच्या शेतात नांगर धरतो, कापणी करतो आणि त्याची पत्नी मागून बी पेरते. इहलोकी मोजून मिळणाऱ्या शिध्यावर जगणाऱ्या माणसाने परलोकात स्वतःचे शेत चितारावे, हे अर्थपूर्ण आहे.

हा शिधा विसाव्या राजवंशात अनियमित झाला. तिसऱ्या रॅमसीझने लिबियन व सागरी टोळ्यांची आक्रमणे परतविली. परंतु आशियातील सत्ता ढासळत होती. धान्याचे भाव पुढील दशकांत खूप चढले. राजाच्या एकोणतिसाव्या वर्षी (इ. स. पू. सु. ११५७) हिवाळी ऋतूच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी पथकाने काम थांबविले. आपण भुकेले असून महिन्याचे १८ दिवस उलटले, असे म्हणत माणसे दफनक्षेत्राच्या पाच तटबंद्या ओलांडून खाली आली आणि तिसऱ्या थटमोझच्या मंदिरामागे बसली. इतिहासात नोंदला गेलेला हा सर्वांत जुना संप होय. लेखनिक आमेननख्त याने लिहिलेला त्याचा वृत्तान्त तूरिन येथील एका पपायरसवर आहे. तो स्वतः अधिकाऱ्यांच्या बाजूचा असूनही त्याने कारागिरांचे म्हणणे आडपडदा न ठेवता टिपले आहे.

दुसऱ्या दिवशी जमाव दुसऱ्या रॅमसीझच्या स्मृतिमंदिराच्या दाराशी गेला, तिसऱ्या दिवशी आत शिरला. आपल्याकडे वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, तेव्हा फेअरोला कळवा, अशी त्यांची मागणी होती. मंदिरांची निवड हेतुपुरस्सर होती, कारण धान्याची मोठी कोठारे तेथेच होती. पोलीस-प्रमुख मेंतमोस याने त्यांना हुसकावण्याऐवजी घरांना कुलपे लावून बायकामुलांसह यावे, आपण पुढे होऊ, असे सांगितले. मेन्नाच्या चरबीचे पैसे बुडविणारा मेंतमोस बहुधा हाच. अखेर मागील महिन्याचा शिधा मिळाला; पण प्रश्न मिटला नाही. पुढील महिन्यांत कारागीर पुन:पुन्हा तटाबाहेर आले. याच सुमारास वजीर तो हा दक्षिणेकडील देवमूर्ती राजाच्या तीसवर्षीय महोत्सवासाठी उत्तरेला नेण्यात गुंतला होता. त्याने गावात पाऊल न टाकता निरोप पाठविला : कोठारेच रिकामी असताना जे सापडले ते आपण दिले आहे. मिळाला तो निम्मा शिधा. थीब्झच्या नगराधिकाऱ्याने तात्पुरती ५० खार गव्हाची सोय केली. संपकऱ्यांना शिक्षा झाल्याचे मात्र कोठेच नोंदलेले नाही. राजाचे थडगे पुरे होणे आवश्यक होते आणि ते काम करू शकणारी माणसे दुसरीकडे नव्हती.

नंतरच्या राजांच्या काळात शिधा थकणे नित्याचे झाले. लिबियन टोळ्यांच्या भीतीने काम बंद ठेवल्याचे उल्लेखही वारंवार येऊ लागले. नवव्या रॅमसीझच्या सोळाव्या व सतराव्या वर्षी (इ. स. पू. सु. १११०) थडगी फोडल्याच्या चौकशा झाल्या, त्यांचे कागद उपलब्ध आहेत. आरोपींत याच गावचे कारागीर होते आणि राणी इसिस हिच्या थडग्याची लूट त्यांच्यावर सिद्ध झाली. थडग्यांच्या वाटा त्यांनाच ठाऊक होत्या आणि छिन्न्याही त्यांच्याच हातांत होत्या. त्यांच्या अपराधाचा विचार करताना रिकाम्या कोठारांचा विसर पडता कामा नये.

अकराव्या रॅमसीझच्या कारकीर्दीत ग्रामस्थांनी आपली घरे सोडली आणि ते खाली मेदीनेत हाबू येथील तिसऱ्या रॅमसीझच्या तटबंद मंदिराच्या आवारात राहावयास गेले. दफनक्षेत्राचा लेखनिक थुतमोस आणि त्याचा पुत्र बुतेहामून यांची या काळातील पत्रे उपलब्ध आहेत. मोहिमेवर दूर गेलेला पिता घरच्या माणसांची व कारागिरांची वारंवार चौकशी करतो. नवी राजथडगी थीब्झमध्ये खोदली जाणे यानंतर बंद झाले. बुतेहामूनकडे राजांच्या ममी जुन्या थडग्यांतून बाहेर काढून, नव्या वस्त्रांत गुंडाळून सुरक्षित जागी हलविण्याचे काम आले. ममींवरील सोने या निमित्ताने बव्हंशी काढून घेण्यात आले. अशा प्रकारे हलविलेल्या अनेक ममी १८८१ मध्ये देर एल्-बहरीजवळच्या एका गुप्त विवरात सापडल्या. काहींच्या आवरणांवर त्यांना नव्याने गुंडाळल्याच्या दिनांकित नोंदी असून त्यांत लेखनिक बुतेहामून याचे नाव आहे. मेदीनेत हाबूच्या आवारात त्याच्या घराचे खांब अद्याप उभे आहेत.